क्रॅनवेलपासून खडकवासल्यापर्यंत

उलव्याची टेकडी सपाट करून आणि नदीचा ओघ वळवून नवी मुंबईंत जो नवा विमानतळ उभा राहिला, त्याच्या धांवपट्टीवर ११ ऑक्टोबर २०२४ रोजीं प्रथम उतरलेलें विमान कोणा व्यापारी कंपनीचें नव्हतें. तें भारतीय हवाई दलाचें सी-२९५ जातीचें वाहतुकीचें विमान होतें. पुढील वर्षीं त्या विमानतळाचें उद्घाटन झालें तें ८ ऑक्टोबर रोजीं. आणि ८ ऑक्टोबर हा तर हवाई दलाचा वर्धापनदिन, कारण १९३२ सालीं त्याच तारखेस ह्या दलाची कायदेशीर स्थापना झाली. तारखांचा हा मेळ योगायोगानें जमला असेल. तरी विचाराला वळण लावण्यास तो पुरेसा आहे. बोनकोडे व त्याच्या आसपासच्या गांवांतील मंडळी मान वर करून विमानाकडे पाहतात, तेव्हां त्यांच्या मनांत धांवपट्टीचा, जमिनीचा आणि मोबदल्याचा विचार येतो, आणि तो येणें स्वाभाविकच आहे. परंतु हवाई दलाच्या त्या विमानांत चालकाच्या जागीं बसलेला मनुष्य कोठें घडला, कोणीं घडविला आणि त्यास घडविण्याचा अधिकार आपल्या हातीं कधीं आला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. त्याचा थोडक्यांत विचार करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

विमान पैसे मोजून परदेशांतून आणतां येतें. वैमानिक घडविणारी शाळा मात्र अशी विकत मिळत नाहीं. तिला तीन गोष्टी लागतात : स्वतःची भूमि, स्वतःचे गुरु आणि स्वतःचें यंत्र. ह्या तिहींपैकीं एक जरी दुसऱ्याच्या हातीं असली, तरी दलाची वाढ त्या दुसऱ्याच्या मर्जीनें होते. भारतीय हवाई दलाच्या शिक्षणाचा इतिहास म्हणजे ह्या तीन गोष्टी कष्टानें आपल्या हातीं येण्याचा इतिहास होय. त्याचा आरंभ इंग्लंडांतील लिंकनशायर परगण्यांत होतो, आणि त्याचें सर्वांत महत्त्वाचें वळण पुण्याजवळ, सिंहगडाच्या नजरेच्या टप्प्यांत येतें. म्हणून मराठी वाचकास तो परका वाटूं नये.

लिंकनशायरमधील क्रॅनवेलचें मैदान मूळचें आरमाराचें. पहिल्या महायुद्धांत, १९१६ च्या एप्रिल महिन्यांत, ब्रिटिश आरमारानें आपल्या वैमानिकांच्या शिक्षणाकरितां तेथें तळ उघडला. त्या काळीं ब्रिटनची विमानशक्ति दुभंगलेली होती. एक तुकडी लष्कराच्या हाताखालीं, तर दुसरी आरमाराच्या. १ एप्रिल १९१८ रोजीं दोहोंचें एकीकरण होऊन रॉयल एअर फोर्स हें स्वतंत्र दल जन्मास आलें. परंतु युद्ध संपतांच हे दोघे वडील भाऊ आपापला वांटा परत मागूं लागले. खर्चांत काटकसर करण्याचे ते दिवस असल्यामुळें त्या नवजात दलाचें अस्तित्वच धोक्यांत आलें. अशा वेळीं त्याचा अधिपति ट्रेंचर्ड ह्यानें योजिलेला उपाय मोठा मार्मिक होता. विमानांच्या पथकांची संख्या तूर्त थोडी राहिली तरी चालेल, पण शाळांचा पाया आधीं घातला पाहिजे, असें त्याचें धोरण होतें. क्रॅनवेल येथें अधिकाऱ्यांचें कॉलेज, हॉल्टन येथें कारागिरांची उमेदवारी शाळा आणि अँडोव्हर येथें वरिष्ठ अधिकाऱ्यांचें विद्यालय, अशा तीन पायांवर त्यानें दल उभें केलें. पथक एका हुकुमासरशीं मोडतां येतें. परंतु ज्या संस्थेंतून दरवर्षीं नवे विद्यार्थी बाहेर पडतात आणि तिचें नांव सांगत फिरतात, ती संस्था मोडणें अवघड असतें. हें मर्म ट्रेंचर्डनें ओळखलें होतें.

क्रॅनवेलचें कॉलेज १९२० च्या फेब्रुवारींत सुरू झालें. वैमानिक अधिकारी घडविणारें अशा तऱ्हेचें तें जगांतील पहिलेंच विद्यालय होय. आज तेथें जी भव्य इमारत दिसते ती १९३४ ची. तोंपर्यंत विद्यार्थी आरमारानें मागें ठेवलेल्या युद्धकालीन झोपड्यांत राहत असत. मोठी विद्या मोठ्या इमारतींतच उपजते असा ज्यांचा समज असेल, त्यांनीं येथें क्षणभर थांबावें. त्याच झोपड्यांच्या काळांत, १९२६ ते १९२८ ह्या वर्षांत, फ्रँक व्हिटल नांवाचा एक गरीब कारागिराचा मुलगा तेथें शिकत होता. विमानांच्या भावी रचनेविषयीं त्यानें विद्यार्थिदशेंत लिहिलेल्या निबंधांत पुढील संशोधनाचें बीज होतें. पंख्यावांचून चालणारें ब्रिटनचें पहिलें जेट विमान १५ मे १९४१ रोजीं आकाशांत उडालें, तें व्हिटलच्या एंजिनावर आणि क्रॅनवेलच्याच मैदानावरून.

ह्याच मैदानाचा हिंदुस्थानाशीं पहिला संबंध मोठा चमत्कारिक रीतीनें आला. १९२९ च्या एप्रिल महिन्यांत जोन्स-विल्यम्स व जेंकिन्स हे दोन ब्रिटिश वैमानिक क्रॅनवेलहून निघाले आणि वाटेंत कोठेंही न उतरतां सुमारे ५१ तासांत कराचीस येऊन पोंचले. ४,१०० मैलांहून अधिक अंतर त्यांनीं एका दमांत तोडलें. विमानास क्रॅनवेलहून हिंदुस्थानांत यावयास दोन दिवस लागले. पण हिंदुस्थानच्या मुलास क्रॅनवेलच्या दारांत शिरावयास मात्र तें कॉलेज निघाल्यापासून दहा वर्षें लागलीं.

तें दार उघडलें तेंही सहजासहजीं नव्हे. लष्करांत हिंदी अधिकाऱ्यांस स्थान मिळावें ही मागणी कायदेमंडळांत वर्षानुवर्षें होत होती. १९२५ सालीं सरकारनें नेमलेल्या स्कीन कमिटीवर मोतीलाल नेहरू व जिना हे दोघेही होते. ह्या कमिटीनें ज्या शिफारशी केल्या त्यांत, हिंदी तरुणांस क्रॅनवेलमध्यें प्रवेश द्यावा, ही एक होती. त्यानुसार १९३० च्या सप्टेंबरांत सहा तरुण तेथें दाखल झाले. हरिश्चंद्र सरकार, सुब्रतो मुखर्जी, भूपेंद्र सिंग, अमरजीत सिंग आणि ए. बी. अवान हे पांच वैमानिक झाले, सहावे जे. एन. टंडन ह्यांची उंची कमी भरल्यामुळें त्यांस साहित्यविभागाचें काम मिळालें. एवढ्या मोठ्या देशाच्या हवाई दलाचा आरंभ ह्या सहा मुलांवर झाला.

१९३२ च्या ऑक्टोबर महिन्याकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधूं इच्छितों. त्या महिन्याच्या पहिल्या तारखेस डेहराडून येथें लष्करी अधिकाऱ्यांच्या विद्यालयाचें काम सुरू झालें; म्हणजे पायदळास व घोडदळास आपल्या भूमीवर शाळा मिळाली. आठ तारखेस हवाई दलाची स्थापना झाली. पण त्यास शाळा मिळाली नाहीं. पंधरा तारखेस जे. आर. डी. टाटा हे टपालाच्या थैल्या घेऊन कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून निघाले व अहमदाबादमार्गें मुंबईस जुहू येथें उतरले. पुढें साडेपांच महिन्यांनीं, १ एप्रिल १९३३ रोजीं, त्याच ड्रिग रोडवर हवाई दलाचें पहिलें पथक चार वापिटी विमानांनिशीं उभें राहिलें. सिंध प्रांत १९३६ च्या एप्रिलपर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता, हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. अर्थात् भारतीय हवाई दलाची जन्मभूमि त्या काळच्या मुंबई इलाख्यांतली होय, आणि मुलकी टपालविमानाचा पहिला प्रवासही ह्याच इलाख्याच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत झाला. आज ती भूमि परदेशांत आहे, म्हणून ही गोष्ट आपल्या विस्मरणांत गेली.

शाळा परक्याच्या हातीं असल्याचा परिणाम काय झाला, तो ह्या पहिल्या पथकाच्याच इतिहासांत पाहावा. क्रॅनवेलहून दरवर्षीं येणार ते मोजके तरुण. त्यांतून पहिल्याच वर्षीं भूपेंद्र सिंग व अमरजीत सिंग हे अपघातांत दगावले. पथकाच्या तीन तुकड्यांपैकीं दुसरी भरण्यास १९३६ साल उजाडलें आणि तिसरी १९३८ मध्यें भरली. एक पथक पुरें करण्यास पांच वर्षें! विमानें मिळत नव्हतीं म्हणून नव्हे. ती जुनीं वापिटी विमानें कोणासही नको होतीं. माणसें मिळत नव्हतीं, कारण तीं घडविण्याची जागा सात समुद्रांपलीकडे होती आणि तिच्या दाराची किल्ली दुसऱ्याच्या कमरेस होती.

हिंदी तरुणांत वैमानिक होण्याची पात्रताच थोडी, असें म्हणणारे लोक त्या काळीं होते. त्यांस उत्तर दुसऱ्या महायुद्धानें दिलें. मुंबईच्या फ्लाइंग क्लबाचें काम जुहूस १९२८ पासून चालूच होतें. टाटांनीं हिंदुस्थानांतील पहिला वैमानिक परवाना १९२९ च्या फेब्रुवारींत मिळविला होता. युद्ध सुरू होतांच सरकारास अशा क्लबांतून तयार झालेल्या तरुणांची आठवण झाली. १९४० मध्यें चोवीस हिंदी वैमानिक इंग्लंडास युद्धकार्याकरितां पाठविण्यांत आले. लाहोरजवळ वॉल्टन, अंबाला, जोधपूर, बेगमपेठ अशा ठिकाणीं शिक्षणाचीं केंद्रें निघालीं. पुण्यासही प्राथमिक शिक्षणाचें एक केंद्र चाललें. पुण्याच्या ईशान्येस लोहगांव येथें १९३९ मध्यें, मुंबईच्या हवाई संरक्षणाचा हेतु मनांत धरून, विमानतळ तयार झाला होता. पावसाळ्यांत जुहूचें मैदान पाण्याखालीं जाई व टाटांनाही आपला मुक्काम पुण्यास हालवावा लागे, हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस घाटमाथ्यापलीकडील कोरड्या पठाराचें महत्त्व निराळें सांगावयास नको. युद्ध संपलें तेव्हां एका पथकाचीं नऊ झालीं होतीं. जें काम शांततेच्या काळांत पांच वर्षांत एकदां झालें, तें युद्धाच्या सहा वर्षांत आठ वेळां झालें. मुलें तींच होतीं आणि देश तोच होता. फरक पडला तो शाळा आपल्या भूमीवर आल्यामुळें. मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगांवकर ह्याच लाटेंत १९४० सालीं दलांत शिरले व १९७६ मध्यें दलाचे प्रमुख झाले.

फाळणीनें ह्या मांडणीचे पुन्हा दोन तुकडे केले. वॉल्टन, रिसालपूर आणि ड्रिग रोड हीं ठिकाणें पलीकडे राहिलीं. अंबाला, जोधपूर, बेगमपेठ व लोहगांव अलीकडे आलीं. दलाचें जन्मस्थान व आरंभींचीं विद्यास्थानें गमावून स्वतंत्र भारताच्या हवाई दलास संसार नव्यानें मांडावा लागला. अशा वेळीं महाराष्ट्राची भूमि पुढें आली.

युद्धाचा अनुभव ताजा असतांना सेनापति ऑकिन्लेक ह्यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमण्यांत आली होती. भूदल, नौदल व हवाई दल ह्या तिहींच्या भावी अधिकाऱ्यांस एकाच विद्यालयांत एकत्र शिकवावें, असा तिचा १९४६ अखेरचा अभिप्राय पडला. खर्चास आरंभींचा हातभार लागला तो एका अनपेक्षित दिशेनें. पूर्व आफ्रिकेंतील मोहिमेंत हिंदी सैनिकांनीं केलेल्या पराक्रमाच्या स्मरणार्थ सुदानच्या सरकारनें १९४१ मध्यें एक लक्ष पौंड दिले होते. फाळणीनंतर त्यांपैकीं ७०,००० पौंड भारताच्या वांट्यास आले. विद्यालयाच्या मुख्य इमारतीस सुदानचें नांव आहे तें ह्यामुळें. जागा मुंबई सरकारनें दिली : खडकवासल्याच्या तलावाकांठची ८,०२२ एकर जमीन. ही जागा पसंत पडण्याचीं कारणें उघड होतीं. पोहण्यास व नावा चालविण्यास तलाव, चढण्यास डोंगर, सोसण्याजोगी हवा, फार दूर नसलेला समुद्र आणि जवळच लोहगांवचा चालता विमानतळ. जहाजांतून किनाऱ्यावर सैन्य उतरविण्याचा सराव देणारें एक केंद्रही युद्धकाळीं ह्याच तलावाकांठीं होतें. जानेवारी १९४९ मध्यें डेहराडून येथें संयुक्त शिक्षणास तात्पुरता आरंभ झाला. ६ ऑक्टोबर १९४९ रोजीं पंडित नेहरूंनीं खडकवासल्यास कोनशिला बसविली. आणि १६ जानेवारी १९५५ रोजीं राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचें उद्घाटन झालें. तत्पूर्वीं थोडेच महिने, १ एप्रिल १९५४ रोजीं, क्रॅनवेलच्या त्या पहिल्या सहांपैकीं सुब्रतो मुखर्जी हे हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले होते.

येथें विचारी वाचक एक शंका काढील. ट्रेंचर्डनें आपली शाळा इतर दलांपासून मुद्दाम दूर ठेवली आणि त्यामुळेंच ब्रिटिश हवाई दल तगलें. मग आपण नेमका उलटा मार्ग कां धरला? शंका रास्त आहे. तिचें उत्तर असें कीं दोघांचीं संकटें भिन्न होतीं. ट्रेंचर्डपुढें प्रश्न होता वेगळेपण टिकविण्याचा. कारण थोरल्या भावांस त्यास गिळावयाचें होतें. भारतापुढें प्रश्न होता ऐक्य निर्माण करण्याचा. कारण निरनिराळ्या प्रांतांचीं, भाषांचीं व धर्मांचीं मुलें एका निशाणाखालीं आणावयाचीं होतीं आणि तिन्ही दलें परस्परांस अनोळखी राहिल्यास काय होतें तें महायुद्धानें दाखविलें होतें. शिवाय आपण दोन्ही मार्गांचा मेळ घातला आहे. हवाई दलाचा विद्यार्थी तीन वर्षें खडकवासल्यास इतरांबरोबर काढतो, तेथें ग्लायडरांतून वाऱ्याशीं पहिली ओळख करून घेतो आणि मग आपल्या स्वतंत्र विमानविद्यालयांत जातो. तें विद्यालय पूर्वीं जोधपूर इत्यादि ठिकाणीं विखुरलेलें होतें. हैदराबादजवळ डुंडीगल येथें १९६७ मध्यें त्याची कोनशिला बसली व १९७१ पासून तेथें शिक्षण सुरू झालें. म्हणजे १९३० मध्यें जी भूमि आपल्याजवळ नव्हती, ती पुरती हातीं येण्यास चाळीस वर्षें लागलीं.

ह्या शाळेचें फळ काय, असें कोणी विचारील, तर त्यास कांहीं नांवें सांगतां येतील. १९८४ मध्यें अंतराळांत गेलेले राकेश शर्मा आणि २०२५ मध्यें आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर पोंचलेले शुभांशु शुक्ला हे दोघेही खडकवासल्याचे विद्यार्थी. अनिल टिपणीस, प्रदीप नाईक व विवेक चौधरी हे हवाई दलाचे मराठी प्रमुख तेथूनच गेलेले. मुलींस मात्र हें दार फार उशिरां उघडलें. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर पहिली तुकडी २०२२ मध्यें आंत आली आणि ३० मे २०२५ रोजीं तिच्यांतील सतरा जणी शिक्षण पुरें करून बाहेर पडल्या. क्रॅनवेलच्या दारापाशीं एके काळीं आपल्याला जसें थांबावें लागलें, तसें आपल्याच दारापाशीं आपल्या मुलींना सदुसष्ट वर्षें थांबावें लागलें, हेंही इतिहासानें नमूद केलें पाहिजे.

भूमि आली, गुरु आले. तिसरी गोष्ट यंत्राची. शिकाऊ वैमानिकाचें विमान लढाऊ विमानाहून साधें असतें, म्हणून त्याचें महत्त्व थोडें मानण्याची रीत आहे. पण ज्याच्यावर हात बसवावयाचा तें साधनच परावलंबी असेल, तर शाळा कोणत्याही दिवशीं बंद पडूं शकते. हें ज्यांनीं जाणलें त्यांत एक मराठी नांव अग्रभागीं आहे. विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूरकडील गडहिंग्लज भागांतले. जर्मनींत ग्योटिंगेन येथें प्रांटल ह्या विख्यात शास्त्रज्ञापाशीं वायुगतीचें अध्ययन करून ते परत आले व १९४० मध्यें बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यांत दाखल झाले. त्यांच्या देखरेखीखालीं तयार झालेलें एचटी-२ हें शिकाऊ विमान १९५१ मध्यें प्रथम उडालें. भारतांत आंखलेलें व भारतांत घडविलेलें तें पहिलें शक्तिचलित विमान, आणि तें निघालें शाळेकरितां! पुढें १९६४ मध्यें किरण हें शिकाऊ जेट विमानही त्यांच्याच मार्गदर्शनाखालीं उडालें. दलाच्या कित्येक पिढ्यांचे हात ह्या विमानांवर बसले. पण त्यांचा कर्ता महाराष्ट्रांत आज कितीशा घरांत ठाऊक आहे?

हें यंत्र हातीं ठेवण्याकडे जेव्हां दुर्लक्ष झालें, तेव्हां त्याची किंमत द्यावी लागली. २००९ मध्यें एका अपघातानंतर जुनीं शिकाऊ विमानें वापरांतून काढावीं लागलीं, स्वदेशी पर्याय तयार नव्हता, आणि २०१३ मध्यें स्वित्झर्लंडचीं विमानें आणून शाळा चालवावी लागली. त्यानंतर एचटीटी-४० हें देशी शिकाऊ विमान २०१६ मध्यें उडालें. २०२३ मध्यें अशीं सत्तर विमानें घेण्याचा करार झाला. आणि त्यांच्या बांधणीची दुसरी शाखा २०२५ च्या ऑक्टोबरांत नाशिकजवळ ओझर येथील कारखान्यांत सुरू झाली. ह्या कामीं महाराष्ट्राचा हात पुन्हा लागत आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

आतां भूमीविषयीं एक शेवटचा मुद्दा. आठ हजार एकर जमीन सरकारनें दिली, असें आम्हीं वर लिहिलें. दप्तरांत तसेंच लिहिलें जातें. परंतु सरकार जमीन देतें तेव्हां ती आधीं कोणाची तरी असते, हें आमच्या भागांतील लोकांस शिकवावयास नको. १९७० मध्यें सिडकोची स्थापना झाली आणि ठाणें, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहराकरितां घेण्याचें ठरलें. बोनकोड्याचीं भातशेतें व खाजणें त्यांतच गेलीं. १९८४ च्या जानेवारींत उरण तालुक्यांत ह्याच प्रश्नावर गोळीबार होऊन पांच माणसें मेलीं, तेव्हां कोठें साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचें धोरण पुढें आलें. उलव्याच्या विमानतळाकरितां दहा गांवें उठलीं. राष्ट्रास विमानतळ हवे, विद्यालयें हवीं, हें आम्हांस मान्य आहे; ह्या सर्व लेखाचा रोखच तो आहे. पण मोबदला चुकता केला म्हणजे हिशेब मिटला, असें आम्ही मानीत नाहीं.

तो हिशेब दुसऱ्या एका नाण्यानें पुरा करावा लागतो. ज्या प्रांतानें भूमि दिली त्या प्रांताच्या मुलांस त्या शाळेचें दार परिचयाचें असलें पाहिजे. साताऱ्यास १९६१ मध्यें देशांतील पहिली सैनिकी शाळा निघाली ती ह्याच विचारानें. आणि खडकवासल्याच्या प्रवेशपरीक्षेस मराठी मुलें तयार व्हावींत म्हणून महाराष्ट्र सरकारनें १९७७ मध्यें औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, एक खास संस्था काढली. प्रबोधिनी दाराशीं असून आपलीं मुलें तिच्यांत पुरेशीं जात नाहींत, ही उणीव त्या वेळींच ओळखली गेली होती असें ह्यावरून दिसतें. आगरी-कोळ्यांच्या ज्या मुलांच्या आजोबांनीं शेतें दिलीं, त्यांच्या शाळांतून ही परीक्षा वर्षांतून दोनदां होते, ती मुलांप्रमाणें मुलींसही खुली आहे, तीस गणित व इंग्रजी हे विषय लागतात, एवढी माहिती तरी दरवर्षीं दिली जाते काय? जेथें दिली जात नसेल, तेथील शिक्षकांनीं व गांवच्या पुढाऱ्यांनीं तें काम अंगावर घ्यावें. १९३० मध्यें सहा मुलांस समुद्र ओलांडून परक्याच्या झोपडींत शिकावयास जावें लागलें. बोनकोड्याच्या मुलास वा मुलीस आज फक्त घाट चढून जावयाचें आहे.